आठ आणे अधिक आठ आणे

रेघ ही गोष्ट मी आयुष्यात फार मानत आलो आहे. शाळेत असताना वहीला समास आखण्यात माझा अर्धा तास जात असे आणि उरलेल्या दहा मिनिटांत मी निबंध लिहीत असे. त्यामुळे निबंधाला दहापैकी तीन गुण आणि समासाला 'छान' असा शेरा, हा माझा नेहमीचा निकाल. पुढे बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. तिथे बेरजेखाली दोन रेघा मारल्या की विषय संपला, अशी माझी श्रद्धा होती. आता त्या रेघाही संगणकच मारतो. पण घरी वाण्याच्या यादीखाली मी अजून दोन रेघा ओढतो. "अहो, कोथिंबीर राहिली," असं ही म्हणाली, तरी रेघांच्या खाली कोथिंबीर लिहायला माझा हात धजत नाही. त्या दिवशी आमची आमटी कोथिंबिरीवाचून होते आणि जेवण अबोल्यात.

अशा माणसाच्या घराण्यात एका रेघेनं भांडण लावावं, आणि ती रेघ मुळात नसावीच, याला काय म्हणावं?

त्याचं असं झालं. सातारा जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. जमीन आहे म्हटलं की बँकेतले सहकारी आदरानं बघतात. बत्तीस गुंठे म्हटलं की पुन्हा आपापल्या स्क्रीनकडे बघतात. त्या बत्तिसातले सोळा माझे आणि सोळा अण्णांचे. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. ते गावीच असतात आणि दोन्ही तुकडे तेच कसतात. मधे एक बांध आहे. तो तिरका आहे. आजोबांनी आंबा वाचवण्यासाठी बांध तिरका घातला, की बांध मुळातच तिरका होता आणि आंबा मागून उगवला, याबद्दल आमच्या घरात दोन पक्ष आहेत. आंबा मात्र बरोबर बांधावर आहे, यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. भांडण तिथूनच सुरू होतं.

या बांधापायी अण्णा आणि मी आठ वर्षं बोलत नव्हतो. "तू बांध कोरलास," असं ते म्हणत. मी वर्षातून दोनदा गावी जाणारा माणूस. कुंडीतली माती उकरली तरी माझी पाठ धरते, मी बांध काय कोरणार? पण शब्दानं शब्द वाढला. वहिनींकडून येणारी लोणच्याची बरणी बंद झाली. शेवटी तीन वर्षांपूर्वी रीतसर सरकारी मोजणी झाली, दगड रोवले गेले, 'क' प्रत हातात आली, आणि बांध जिथल्या तिथे असल्याचं सिद्ध झालं. दोघांचे पैसे गेले, पण बोलणं सुरू झालं. बरणीही आली. ती उघडताना हिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिखटामुळे, असं ती म्हणते.

आता यंदाचा मे महिना. माझा भाचा पुण्याला नकाशांच्या कंपनीत आहे. "म्हणजे मोजणीदार का रे?" असं मी त्याला पहिल्यांदा विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला, "नाही मामा, आम्ही उन्हात जात नाही." तो सुट्टीला गावी गेला, हौसेनं मोजणीच्या दगडांच्या खुणा त्यानं फोनवर टिपून घेतल्या, आणि रात्री बसून आमच्या शेताचा नकाशा केला. अण्णांचा तुकडा हिरवा, माझा तुकडाही त्याच हिरव्या रंगाचा, भोवती पांढरं. खाली 'आपलं शेत' असं लिहून त्यानं तो घराण्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. एकट्या अण्णांनी फोन केला, आणि तोही मला.

"सोळा गुंठं तुझं, सोळा गुंठं माझं. बराबर?"

"बरोबर, अण्णा."

"मग मधी ही पांढरी पट्टी कुणाची रं?"

मी नकाशा मोठा करून पाहिला. खरंच की! दोन हिरव्या तुकड्यांच्या मधून, बांधाच्या जागी, केसासारखी एक फिकट रेघ वरपासून खालपर्यंत गेली होती. भाच्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मी नाही काढली मामा. ती आपोआप आली."

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला 'आपोआप आली' या शब्दांनी घाम फुटतो. आपोआप आलेल्या रकमेची चौकशी होते आणि ती खालपासून सुरू होते.

मी लगेच कॅल्क्युलेटर घेतला. भाच्यानं सांगितलं की नकाशा अठराव्या झूमवर आहे आणि आपल्या अक्षांशाला तिथला एक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, जमिनीवर साधारण ५७ सेंटिमीटर भरतो. म्हणजे पावणेदोन फुटांहून थोडा जास्त. पट्टी एका ठिपक्याची. बांधाची लांबी दीडशे फूट. गुणाकार आला २८० चौरस फूट. एक गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३, १,०८९ चौरस फूट. मी दोन रेघा मारल्या आणि हिला म्हणालो, "पाव गुंठा गेला!"

"कुणाचा?" हिनं विचारलं.

अण्णांचा प्रश्नही नेमका तोच होता. ही सासरच्या वळणावर गेली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या रविवारी आम्ही गावी गेलो. आंब्याखाली बाज टाकली होती, बाजेवर भाच्याचा लॅपटॉप. अण्णा 'क' प्रत घेऊन बसले होते. वहिनींनी चहा आणला, पण माझ्या कपात साखर कमी होती. हवा कुठल्या दिशेनं वाहतेय ते मी ओळखलं.

भाच्यानं सुरुवात केली. "अण्णामामा, पडदा म्हणजे चौकोनी फरश्यांची ओसरी समजा. नकाशाच्या एका तुकड्यात २५६ आडव्या आणि २५६ उभ्या फरश्या असतात. एका फरशीला एकच रंग द्यायचा, अर्धी हिरवी अर्धी पांढरी अशी फरशी मिळत नाही. आता यावर तिरका बांध काढा."

अण्णांनी हवेत बोट फिरवलं. "पायऱ्या पायऱ्या हुणार."

"तेच!" भाचा म्हणाला. त्यानं कुठलासा खटका दाबला आणि काय सांगू, आमचा बांध घाटावरच्या पायऱ्यांसारखा दिसू लागला. पांढरी पट्टी मात्र गायब.

या पायऱ्यांचाही इतिहास आहे म्हणे. १९६२ साली आयबीएममधल्या जॅक ब्रेसनहॅम नावाच्या गृहस्थानं कागदावर चित्रं काढणाऱ्या यंत्रासाठी सरळ रेघ ओढायची एक रीत काढली आणि १९६५ साली ती छापून आली. प्रत्येक पावलाला रेघेच्या सर्वांत जवळचा ठिपका निवडायचा, बस्स. त्यासाठी गुणाकार-भागाकाराच्या फंदात पडायचं नाही, नुसती पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करत पुढं जायचं. हे ऐकून मला त्या माणसाबद्दल आपुलकी वाटली. अपूर्णांक आला की जवळच्या रुपयात बसवायचा आणि पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं, हेच मीही करत आलोय.

पण अण्णा पडद्यावर वाकले होते. "ह्यो दात माझ्यात घुसलाय."

"पण हा बघा, त्याच्या खालचा माझ्यात घुसलाय," मी म्हणालो.

"तुझा ल्हान हाय."

मी दात मोजायला लागलो. अण्णाही लागले. एका बांधाचे आम्ही दोघांनी मिळून दोन वेगळे आकडे काढले. भाच्यानं घाईघाईनं खटका परत दाबला. दात गेले, बांध गुळगुळीत झाला आणि मधली पांढरी पट्टी पुन्हा आली.

"यालाच अँटीएलियसिंग म्हणतात," तो म्हणाला.

"कुठली आंटी?" वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

आंटी नव्हे, एलियास. म्हणजे ऊर्फ. पोलिसांच्या बातमीत 'अमुक ऊर्फ तमुक' असतं ना, तसं. बारीक तपशील ठोकळ ठिपक्यांत मावत नाही, मग तो दुसऱ्याच रूपात वावरायला लागतो. सरळ बांध 'ऊर्फ' जिना. हे ऊर्फपण घालवायचं म्हणून अँटी. पासबुकावर एक नाव आणि आधार कार्डावर दुसरं, अशी गिऱ्हाइकं निस्तरण्यात माझी हयात चालली आहे. तेव्हा हा शब्द मला अण्णांच्या आधी समजला, याचा मला थोडा अभिमान वाटला.

उपाय तसा सज्जनपणाचा आहे. फ्रँक क्रो नावाच्या संशोधकानं १९७७ साली संगणकाच्या चित्रांमधल्या या दातेरी कडांवर एक गाजलेला लेख लिहिला. सांगणं थोडक्यात असं, की कडेवरच्या ठिपक्यानं हो किंवा नाही असं सांगण्याऐवजी किती ते सांगावं. हिरव्यानं ठिपका पूर्ण व्यापला तर पूर्ण हिरवा, निम्मा व्यापला तर निम्मा हिरवा आणि निम्मा मागचा पांढरा, असा मिसळून फिकट रंग द्यावा. डोळा लांबून बघतो आणि त्याला सरळ रेघ दिसते. गंमत अशी, की एकेक ठिपका जितका संकोचानं बोलतो, तितकी सगळी रेघ ठाम दिसते. आमच्या शाखेत हे उलटं आहे. तिथं एकेक जण ठाम बोलतो आणि शाखा डळमळते.

"म्हंजी बांधावरचा ठिपका निम्मा माझा, निम्मा ह्याचा," अण्णा म्हणाले. "निम्मा अन् निम्मा, पुरा एक झाला. मग पांढरं आलं कुठनं?"

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. बी.कॉम. मी आहे.

भाचा म्हणाला, "मामा, हिशोब तूच कर. ठिपका आधी पांढरा. अण्णामामांचा तुकडा रंगवला. निम्मा हिरवा झाला, पांढरं किती उरलं?"

"आठ आणे," मी म्हणालो.

"आता तुझा तुकडा. तोही ठिपक्याचा निम्मा भाग झाकतो. पण संगणकाला फक्त 'निम्मा' एवढंच माहीत आहे. डावा निम्मा की उजवा निम्मा, हे तो कुठंच लिहून ठेवत नाही. तो समोर जे आहे त्याच्या निम्म्यावर तुझा रंग चढवतो. उरलेल्या आठ आण्यांचे निम्मे?"

"चार आणे." माझा आवाज बसला.

"चार आणे पांढरं शिल्लक. तीच ही पट्टी."

मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, कागदावर करून पाहिलं, शेवटी बोटांवर केलं. तिन्हीत तेच. आठ आणे अधिक आठ आणे बरोबर बारा आणे! चित्रांचे थर एकमेकांवर कसे चढवायचे याचे नियम थॉमस पोर्टर आणि टॉम डफ या दोघांनी १९८४ साली लिहिले, ते सिनेमावाल्या ल्युकासफिल्ममध्ये. नियम चोख आहेत. कोण किती झाकतो एवढंच ठाऊक असेल, तर बेरीज अशीच येणार. किती ते ठाऊक आहे, कुठलं ते ठाऊक नाही.

आणि याहून वाईट पुढंच होतं. मी विचारलं, "ठिपक्यात अण्णांचा भाग तीस टक्के आणि माझा सत्तर असेल तर?" भाचा म्हणाला, "सत्तर गुणिले तीस, एकवीस टक्के गळती. दहा-नव्वद असेल तर नऊ. पन्नास-पन्नासला पंचवीस, ती सगळ्यांत जास्त."

म्हणजे जिथे वाटणी अगदी समसमान, तिथे गळती सगळ्यांत मोठी! एकानं सगळं घेतलं तर गळती शून्य. हे गणित घरोघरच्या वकिलांना आधीपासून ठाऊक असावं.

अण्णा गप्प होते. त्यांना आकडे पटले असावेत, पट्टी पटली नव्हती. समोर दिसतंय ते नाही कसं म्हणायचं? तेव्हा भाच्यानं एक युक्ती केली. त्यानं नकाशा एक पायरी लांब नेला. शेत निम्म्यानं लहान झालं, पण पट्टी तेवढीच, एका केसाची. "मामा, आता एका ठिपक्यात दुप्पट अंतर मावतं. काढ पट्टीचं क्षेत्रफळ." मी काढलं. अर्धा गुंठा. आणखी एक पायरी लांब. एक गुंठा. मग जवळ, आणखी जवळ. पाव, अर्धपाव.

आमच्या पट्टीची जमीन लांबून पाहिली की वाढत होती आणि जवळ गेलं की आटत होती. याच हिशोबानं बाराव्या झूमवर गेलो असतो, तर ती सोळा गुंठे भरली असती, म्हणजे माझा हिस्सा साफ. अर्थात तिथं सगळं शेतच जेमतेम दोन ठिपक्यांचं उरतं, तिथं कोण कुणाशी भांडणार?

अण्णा पहिल्यांदा हसले. "म्हंजी पुण्यातनं बघितलं की भांडान मोठं दिसतंय."

मी चहा घेतला. साखर कमी होती, पण चहा बरा लागला.

"मग ही घालवायची कशी?" अण्णांनी विचारलं. तर त्याचे बरेच उपाय आहेत. एक म्हणजे कड दातेरी ठेवायची. तो आम्ही पाहिला होता. दुसरा, वरून एक जाड रेघ ओढून फट झाकायची. ही पद्धत फक्त नकाशांत वापरतात असं मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. नकाशे रंगवणारं मॅपनिक नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात तर तुकड्यांच्या कडा किती मऊ करायच्या याला वेगळी किल्लीच ठेवली आहे. पण भाच्याच्या मते खरा उपाय निराळा. एका ठिपक्याचे आधी चार गुणिले चार असे सोळा बारके ठिपके करायचे. त्या बारीक जाळीवर अण्णांचा तुकडा आणि माझा तुकडा, दोन्ही बसवायचे. तिथं प्रत्येक बारका ठिपका कुणातरी एकाचाच, मधे फट नाही. दोघं जागेवर बसले, की मगच सोळांची सरासरी काढून एक ठिपका करायचा.

"काम सोळापट वाढतं," तो म्हणाला. "पण चूक एवढीच होती मामा, की आपण एकेकाला वेगळं बोलावून निम्म्या-निम्म्यावर मिटवत होतो. आधी दोघांना एकत्र बसवायचं, सरासरी मागाहून."

हे तो नकाशाबद्दल बोलत होता. तरीही अण्णा आणि मी, दोघांनी एकाच वेळी आंब्याकडे बघितलं.

सोळापैकी आठ आणि आठ, झाले सोळा आणे. नकाशा पुन्हा रंगला. पट्टी गेली, दात गेले. पण रंग दोघांचा एकच असल्यामुळे बांधही गेला! पडद्यावर एक सलग हिरवा तुकडा, बत्तीस गुंठ्यांचा. मधे काही म्हणजे काही नाही.

अण्णांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून जवळ घेतला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आजोबाच्या वक्ताला असंच दिसत असंल."

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. कुणी काही बोललं नाही. आठ वर्षं न बोलण्याचा सराव होता, पण हे न बोलणं निराळं होतं.

मग अण्णांनीच लॅपटॉप खाली ठेवला. "मधी रेघ काढ रं बाबा. आमचं भागलंय, पर म्होरं पोरं भांडायची."

भाच्यानं मातकट रंगाची तीन ठिपके जाडीची रेघ ओढली. मी सवयीनं हिशोब केला: अठराव्या झूमवर साडेपाच फूट. आमचा बांध काही इतका रुंद नाही. पण रेघ बांधाच्या मधोमध होती, म्हणजे निम्मी माझ्या अंगावर आणि निम्मी अण्णांच्या. मी काही बोललो नाही. अण्णांनीही मोजणीचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

निघताना आंबे उतरवले. झाड बांधावर, तेव्हा निम्मे अण्णांचे, निम्मे माझे. उतरवताना मी शंभर मोजले होते. पन्नासाची पाटी अण्णांच्या ओसरीवर गेली, पन्नासाची आमच्या पिशवीत. घरी आल्यावर हिनं पिशवी रिकामी केली तर अडतीस निघाले. मी अण्णांना फोन लावला. त्यांच्या पाटीत सदतीस होते.

पन्नास अधिक पन्नास बरोबर पंच्याहत्तर. आता असल्या बेरजेनं मी दचकत नाही. मी सरळ भाच्याला फोन केला, तर त्याच्या तोंडात काहीतरी होतं.